सातवा दात

गाडी किती घोड्यांची, असं कुणी गॅरेजात येऊन विचारलं की माझं डोकं सणकतं. परवाच एक जण आला, मोबाइलवर नव्या जीपचा फोटो घेऊन. "मेस्त, एकशे सत्तर घोडे! हिच्या मागे होडी बांधून हरमलच्या चढावरून आरामात नेतो, बघा." म्हटलं, बाबा रे, घोडे ठेव तुझ्यापाशी. घोडे सांगतात गाडी किती लवकर पोचणार. ओझ्यासकट जागची हलणार की नाही, ते सांगतो टॉर्क. टॉर्क म्हणजे चाकाला बसणारा पीळ. तो आपला हसला. मग मी त्याच्या हातात पाना दिला आणि एक गंजलेला नट दाखवला. म्हटलं, सोडव. सुटला नाही. त्याच पान्याला हातभर लांब पाइप अडकवून दिला. नट करकरला आणि सुटला. "आता तुझं बळ वाढलं काय रे? नाही ना? मग?" तो सुटलेला नट हातात फिरवत राहिला. उत्तर माझ्याकडे होतं, पण पुढे बोलायची इच्छा राहिली नाही.

हे शहाणपण मला तीस वर्षांपासून आहे. असूनही योग्य वेळी ते तोंडातून निघालं नाही, आणि त्यापायी एक माणूस मेला. त्याचा थोरला भाऊ सहा वर्षं दुसऱ्याची चूक डोक्यावर घेऊन फिरला. ती चूक माझी. त्या थोरल्या भावाची, शिवदासची, गोष्ट सांगायला बसलोय. तो स्वतः सांगणार नाही. त्याच्या तोंडून चार शब्द काढायचे तर दोन दिवस लागतात.

मी दत्तप्रसाद. साखळीच्या बाजारामागे माझं गॅरेज आहे. आमच्याकडे मेकॅनिकला मेस्त म्हणतात, त्यामुळे माझं खरं नाव बायको सोडून कुणाला आठवत नसेल. शिवदास मूळचा दोडामार्गाकडचा. बाप खाणीवर कामाला आला आणि इकडचाच झाला. पुढे दोघा भावांनी धारगळला घर बांधलं. थोरला शिवदास, धाकटा सुदेश. सुदेशचं लग्न झालं, देवकी घरात आली, सिद्धी जन्मली. शिवदासनं लग्न केलं नाही. का रे, म्हणून विचारलं की म्हणायचा, "ट्रकाक राग येतलो." तेवढाच काय तो त्याचा विनोद, आणि तोही वर्षानुवर्षं एकच.

अंगानं काडी, पण पाना धरला की हाताच्या शिरा टरारून यायच्या. इंजिन बंद केलं की स्टेअरिंगला हात लावून तो हात कपाळाला लावायचा. आणि एक खोड होती. आख्खा चहा तो कधी प्याला नाही. अर्धा बशीत ओतून शेजारच्यापुढे सारायचा. शेजारी सुदेश असला तर सुदेशला, मी असलो तर मला, कुणी अनोळखी असला तर त्यालाही. "एकट्यान पिलेलो चाय पोटात जायना," म्हणायचा. साखळीच्या हॉटेलवाल्यानं शेवटी त्याला दोन बशा द्यायला सुरुवात केली.

आता खाणीचं सांगतो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. आमच्या डिचोली तालुक्यात खनिजाची माती वर आणि नदी खाली. ट्रक खाणीवर भरायचा आणि उतरत उतरत धक्क्यावर बार्जपाशी रिता करायचा. मग रिकामा वर चढायचा. जन्मभर आम्ही भरलेला ट्रक खाली सोडला. भरलेला ट्रक वर ओढायची पाळी आमच्यावर आलीच नाही. घाटावरच्या ट्रकांत क्लीनरच्या पायाशी लाकडाची एक जाड पाचर असते. गाडी चढावर मागे यायला लागली की खाली उडी मारून ती चाकामागे सारायची. आमच्या खाणीच्या ट्रकांत असलं लाकूड तुम्हाला औषधालासुद्धा मिळालं नसतं. कशाला कोण ठेवेल?

आणि जितक्या खेपा तितकी भाकरी, म्हणून सगळ्यांना वेग हवा. वेग कसा वाढवायचा, ते मला ठाऊक होतं. ट्रकाच्या मागच्या आसात दोन दातेरी चक्रं असतात. मोठं ते क्राऊन, त्याला एक्केचाळीस दात. छोटं ते पिनियन, त्याला सहा. ही जोडी काढून सात दातांच्या पिनियनाची जोडी बसवली की तोच ट्रक जास्त पळतो. इंजिन तेच, घोडे तेच. फक्त चाकाला मिळणारा पीळ कमी होतो. उतारावर ते कुणाला कळत नाही, रिकाम्या चढावर तर नाहीच नाही. चाळीसेक ट्रकांना मी सातवा दात दिला असेन. ड्रायव्हर मंडळी माझ्या पायाच पडायची बाकी होती, आणि मी पण दोन बोटं वर चालत होतो.

शिवदासचा ट्रक आला तेव्हा त्यानं एकट्यानं विचारलं होतं, "मेस्त, पीळ कमी होवचो नाय मां?"

मी म्हटलं, "अरे मेल्या, एकशे तीस घोडे आहेत पुढे. भरलेला उतरतोस, रिकामा चढतोस. पीळ घेऊन काय आमटीत घालणार?"

सगळं गॅरेज हसलं. तोही हसला. त्याची जुनी सहा दातांची जोडी मी तेल लावून गोणपाटात बांधली, वर रंगानं 'शि' लिहिलं आणि फळीवर ठेवली.

मग खाणी बंद झाल्या. ट्रक दारादारांत उभे राहिले, टायरांमधून गवत वर आलं. पुष्कळांनी गाड्या भंगारात घातल्या. शिवदासला ते जमलं नाही. त्यानं मागचा हौदा काढला, लोखंडी खांब नि साखळदंड बसवले आणि बंद पडलेल्या गाड्या ओढून न्यायचा धंदा काढला. धारगळ हमरस्त्यावरच आहे, रोज कुणी ना कुणी अडकलेला असतोच. सुदेश त्याच्या जोडीला. रस्ता सपाट, गाड्या लहान. चाललं होतं.

धंद्याच्या पहिल्या दिवशी ट्रकापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. वाड्यावरच्या म्हाताऱ्या बाबुरावांनी हात जोडून सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा! आज ही लेकरां नवीन वाट धरतत. तेंका सांभाळ. ह्या गाडयेत काय खोट असात, कोणाकडसून काय चुकला-माकला असात, ता दूर कर रे म्हाराजा!" आणि आम्ही सगळे ओरडलो, "व्हय म्हाराजा!" माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. खोट काय आहे ते मला पक्कं माहीत होतं, आणि तिच्यावरचा उपाय गोणपाटात बांधून माझ्या फळीवर होता.

नारळ फुटला, प्रसाद वाटून झाला, आणि शिवदास माझ्याजवळ आला. म्हणाला, "ओढूच्या कामाक सहावालो परत घालूया काय रे?"

हे त्याला सुचलं होतं. मला सुचायला हवं होतं, पण सुचलं त्याला. दोन दिवसांचं काम. पण गणपतीची चवथ तोंडावर आलेली. आमच्याकडे चवथीला प्रत्येकाला गावच्या घरी जायचं असतं, आणि प्रत्येकाची गाडी त्याच आठवड्यात आजारी पडते. गॅरेजात पाय ठेवायला जागा नव्हती. मी म्हटलं, "चवथ होऊंदे. मग बघू. घोडे काय कमी झालेत तुझे?"

चवथ झाली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी शिवदासला फोन आला. तुयेच्या एका कारखान्यातून यंत्र घेऊन बेळगावला निघालेला ट्रक चोर्ला घाटात बंद पडला होता. मालकाला तो परत खाली नको होता, वर बेळगावलाच पोचवायचा होता. शिवदास आणि सुदेश गेले. भरलेला ट्रक मागे बांधून घाट चढायचा, हे दोघांच्याही आयुष्यात पहिल्यांदाच.

पुढचं शिवदासनं मला एकदाच सांगितलं, तेही तुटक तुटक. बंद ट्रक ओढायचा तर त्याचे ब्रेक मोकळे करावे लागतात, तसे केले होते. सुदेश त्या ट्रकाच्या स्टेअरिंगवर बसला. पाऊस नुकता थांबलेला, रस्ता ओला. चार वळणं चढली. पाचव्या उभ्या वळणावर शिवदासची गाडी पहिल्या गिअरात थरथरली आणि बंद पडली. त्यानं ब्रेक दाबून धरले, तरी मागच्या वजनानं दोन्ही गाड्या इंचाइंचानं मागे सरकायला लागल्या. सुदेश खाली उतरला. चाकामागे लावायला लाकूड नव्हतं, कारण आम्ही खाणवाले. कडेला चिऱ्याचा एक अर्धा तुकडा पडला होता. तो उचलून त्यानं मागच्या ट्रकाच्या चाकामागे लावला. आमचा जांभा चिरा घर बांधायला चांगला, वजनाखाली त्याचा भुगा होतो. गाडी त्या भुग्यावरून मागे आली. सुदेशच्या पाठीमागे घाटाची भिंत होती.

बस्स. याहून जास्त मी सांगणार नाही.

बाराव्याला मी धारगळला गेलो. तपास करणाऱ्यांनी ब्रेक बघितले होते, ब्रेक ठीक होते. आस उघडून दात कोण मोजतो? घरात बायकामाणसं बसलेली. शिवदास घरापुढच्या खळ्यात, तुळशीपाशी, गुडघ्यांत मान घालून. देवकी बाहेर आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. सगळ्यांच्या देखत तिनं मला विचारलं, "मेस्त, तुमी गाडयेचे जाणकार. देवाक बघून खरा सांगा. गाडयेत काय खोट होती?"

मी म्हटलं, "गाडी ठीक होती, वयनी."

असं का म्हटलं? भ्यालो. दुसरं काही नाही. चाळीस ट्रकांना दात देणारा मेस्त, माझं नाव, माझं गॅरेज, आणि पोलिसांची भीती. एका क्षणात हे सगळं डोक्यात येऊन गेलं आणि तोंडातून ते वाक्य पडलं. पडल्यावर उचलता येईना. देवकी वळली आणि शिवदासला म्हणाली, "मगे तुमीच मारलास तेका. घाटात गाडी चलवक येयना, तर कित्याक गेलास? ह्या घराची पायरी चढा नकात." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती मी माझ्या डोळ्यांनी बघितली. शिवदासनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. त्याच संध्याकाळी कपड्यांची एक पिशवी घेऊन तो घराबाहेर पडला.

घाटाच्या पायथ्याशी, केरीला, त्यानं एक खोली घेतली. जमेल तेव्हा लहान गाड्या ओढायचा, घाटात मात्र चढायचा नाही. बाकी वेळ दारात बसून किंजळीच्या लाकडाच्या पाचरी तासायचा. वीतभर जाड, एका बाजूला उतरत्या, वर दोरीचा कान. घाट चढणाऱ्या ट्रकांना हात दाखवून थांबवायचा आणि पाचर क्लीनरच्या हातात द्यायचा. "चाकामागे लावूक. चिरो लावू नका." एवढंच बोलायचा. सुरुवातीला लोकांना वाटलं, वेडा झाला. मग सवय झाली. माझ्या गॅरेजात येणाऱ्या ट्रकांच्या केबिनींत मला त्या पाचरी दिसायच्या. दिसली की मी दुसरीकडे बघायचो.

मी जात नव्हतो असं नाही. महिन्या-दोन महिन्यांनी कात्रे पाव घेऊन केरीला जायचो. प्रत्येक वेळी ठरवून जायचो, आज सांगायचं. शिवदास चहा करायचा, अर्धा बशीत ओतून माझ्यापुढे सारायचा. मी तो प्यायचो, पावसापाण्याच्या गप्पा मारायचो आणि परत यायचो. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. सहा वर्षं मी त्याचा अर्धा चहा प्यालो. मला लाज कशी वाटली नाही, असं तुम्ही म्हणाल. वाटत होती. लाज वाटून काही होत नसतं.

देवकीनं दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करून सिद्धीला शिकवलं. सिद्धी तुयेच्या कारखान्यात नोकरीला लागली आणि यंदा तिचं लग्न ठरलं. पत्रिका मला आली. शिवदासला आली नाही. आमच्याकडे लग्नाआधी मांडवाची पहिली मेढ पुरतात, ती घरातल्या थोरल्यानं. बाबुरावांकडून कळलं की मेढ देवकीचा भाऊ पुरणार. थोरला चुलता जिवंत असताना, बारा कोसांवर बसलेला असताना. मी केरीला गेलो तेव्हा शिवदासच्या हातात पाचर होती आणि पटाशी नुसतीच लाकडावर टेकवलेली होती. "सिद्धीचा लग्न ठरला मां?" त्यानं विचारलं. मी हो म्हटलं. "बरा झाला," म्हणाला. मग पटाशी खाली ठेवून म्हणाला, "खांद्यार बसान ती ट्रकाक फुला घाली दसऱ्याक. आता मेढ पुरूक तरी गेलंय असतंय." त्याला त्या घरात परत जायचं होतं. सहा वर्षांत पहिल्यांदाच त्यानं ते बोलून दाखवलं. आणि त्या घराचं दार माझ्या एका वाक्यानं बंद होतं.

त्या दिवशीही मी सांगितलं नाही! घ्या. असा माणूस मी.

पुढच्या आठवड्यात शिवदास स्वतःच ट्रक घेऊन गॅरेजात आला. सहा वर्षांत पहिल्यांदा. म्हणाला, "गाडयेचे कागद संपतत. मोडीत घालूची आसा. तेच्या आदी एकदा घाट चढवया. तू माझ्यावांगडा चल."

मी हातातला पाना खाली ठेवला. "कशाला रे? काय राहिलंय त्या घाटात?"

"चल तू," म्हणाला.

सकाळी सात वाजता निघालो. शिवदासनं कुणाकडून तरी एक जुना हौदा मागून आणून बसवला होता. वाटेत चिरेखाणीवर थांबून त्यात चिरे भरून घेतले. भरतच राहिला. मी म्हटलं, पुरे. तो म्हणाला, "त्या दिसाइतक्या वजन होऊक होया." केरी मागे पडली. गाडी पहिल्या गिअरात कण्हत कण्हत चढत होती. मी सीटला घट्ट धरून बसलेलो. पाचवं वळण आलं. भिंतीवर कुणीतरी शेंदूर लावून एक दगड ठेवलाय, कुणी ते मी विचारलं नाही. बरोब्बर तिथे शिवदासनं गाडी उभी केली आणि परत उचलायला गेला. गाडी थरथरली. इंजिन दोनदा धडपडलं आणि बंद पडलं. ब्रेक दाबलेले, तरी टायर किंचित मागे सरकल्याचं मला बुडाखाली कळलं.

शिवदासनं सीटखालून पाचर काढून माझ्या मांडीवर ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाला, "उतर. लाव."

मी उतरलो. छप्पन्न वर्षांचा मी, पाचर छातीशी धरून मागच्या चाकापाशी गेलो. एका बाजूला टायर, माझ्या छातीएवढा, आणि दुसऱ्या बाजूला भिंत. मध्ये जेमतेम माणूस मावेल एवढी जागा. मी वाकलो तेव्हा टायर आणखी दोन बोटं मागे आला. त्या दोन बोटांत मला सुदेश दिसला. चिरा शोधणारे त्याचे हात दिसले. मी पाचर सारली. लाकूड करकरलं, दबलं, आणि धरून राहिलं. गाडी थांबली. मी तिथेच भिंतीला टेकून खाली बसलो आणि लहान पोरासारखा रडलो.

शिवदास उतरून आला. माझ्यासमोर उकिडवा बसला.

मी म्हटलं, "शिवदास, सातवा दात... मी घातला. तू विचारलेलं, मी चवथीनंतर म्हटलं. आणि बाराव्याला..."

"म्हायत आसा," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"गाडी पोलिसांकडसून परत मेळली, त्या दिसाच. फाटली चाका वर उचलली. पिनियनाच्या शाफ्टाक खडूची खूण केली, चाकांक एक फेरो दिलो नि शाफ्टाचे फेरे मोजले. सहावालो आसतो तर सातांच्या लागी गेले असते. सहा पण भरले नाय." तो हातातल्या हातात बोटं मोडत होता. "तू घातलेलो दात मी कसो इसरान? गाडी उचलना नाय, तेवाच माका समाजला. पण वाटला, आपणच चुकलंय. म्हणान मोजलंय."

"मग बोलला का नाहीस? देवकीला सांगायचं होतंस! सहा वर्षं, मेल्या, सहा वर्षं!" मी चक्क त्याच्यावरच ओरडलो. माझी हिंमत बघा.

"मी सांगलेला कोण आयकता? भावाक मारलो नि आता आपला पाप मेस्तच्या मानेर घालता, म्हणाले असते. ता तुझ्याच तोंडान येवक होया होता." मग म्हणाला, "दर खेपेक पाव घेवन येयस. माका वाटा, आज सांगतलो. म्हणान चाय करी."

सहा वर्षं आम्ही दोघं बशीच्या दोन बाजूंना अळीमिळी गुपचिळी करून बसलो होतो. मी सांगायला घाबरत होतो, तो ऐकायला थांबला होता.

गाडी हळूहळू मागे घेत खाली आणली. गॅरेजात आल्यावर त्यानं फळीकडे बोट दाखवलं. "ता काढ. घाल." गोणपाट सोडलं. तेल काळं पडलेलं, पण दात नवे असावेत तसे. पुढच्या महिन्यात भंगारात जाणाऱ्या गाडीत सहा दातांची जोडी बसवायची! दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी हाकलून दिलं असतं. दोन दिवस आम्ही दोघांनी मिळून काम केलं. चवथीआधी हेच दोन दिवस मला मिळाले नव्हते. बसवताना मी पिनियनाचे दात एकदा मोजले, मग परत मोजले.

तिसऱ्या दिवशी तेच चिरे, तोच घाट. पाचव्या वळणावर शिवदासनं गाडी उभी केली. पाचर माझ्या हातात होती. त्यानं क्लच सोडला. ट्रक कण्हला, पण थरथरला नाही. सावकाश, माणूस चालेल त्या गतीनं, पुढे सरकला आणि वळण चढून गेला. घोडे तेच एकशे तीस. वर सपाटीला लागल्यावर शिवदासनं इंजिन बंद केलं. स्टेअरिंगला हात लावला, पण कपाळाला नेला नाही. कपाळ स्टेअरिंगवरच टेकलं. किती वेळ, ते मी मोजलं नाही.

मग म्हणाला, "चल धारगळाक."

देवकी खळ्यात भात वाळत घालत होती. शिवदास पायरीखाली उभा राहिला. वर चढला नाही. मी तिच्यापुढे गेलो आणि सगळं सांगितलं. दात, चवथ, गाऱ्हाण्यातलं माझं व्हय म्हाराजा, बाराव्याचं खोटं. मध्ये थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर परत तोंड उघडलं नसतं. जनेलात, खिडकीच्या गजांमागे, सिद्धी येऊन उभी राहिली होती. देवकी मला शिव्या देईल, भाताची सुपली फेकून मारेल, असं मला वाटलं होतं. मी त्याची वाट बघत होतो. तिनं काही केलं नाही. सुपली खाली ठेवली, हात पुसले आणि आत गेली.

बाहेर आली ती कपबशी घेऊन. एकच. ती तिनं सोप्यावरच्या कदेलीजवळ, म्हणजे जुन्या खुर्चीजवळ, स्टुलावर ठेवली आणि पायरीकडे बघून म्हणाली, "भावजी, वर येवा. सोमवारी मेढ पुरूची आसा." मग ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. माझ्याकडे तिनं पुन्हा एकदाही बघितलं नाही.

शिवदास सहा वर्षांनी ती पायरी चढला. चपला काढल्या, कदेलीवर बसला, कप उचलला. सवयीनं त्याचा दुसरा हात बशीकडे गेला. बशी हातात धरून त्यानं खळ्यात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रोजच्या पाहण्यातली वस्तू बघावी तसं. मग बशी खाली ठेवली आणि आख्खा चहा एकट्यानं प्याला.